दिव्याखालची वीट

वीट नेमकी कोणी उचलली हे शोधायला मला दीड तास लागला. तेवढ्या वेळात ती रस्त्याखाली गेली होती.

ओरत्तनाडूच्या पुढे, कालव्याकाठच्या एका गावात आमचं शिबिर होतं. वादळ होऊन बारा दिवस झाले होते. नारळाच्या बागा एकाच दिशेला आडव्या पडल्या होत्या, विजेचे खांबही त्याच दिशेला. मी तंजावूरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या सेवा-युनिटची प्रोग्रॅम ऑफिसर आहे. नाव मोठं, पण काम एवढंच: पोरांना बसमध्ये घालून न्यायचं, वेळेवर जेवायला घालायचं, कोणाला साप चावू द्यायचा नाही आणि संध्याकाळी रिपोर्ट पाठवायचा.

रिपोर्टचा सगळा जीव फोटोंत असतो. प्रत्येक घराचे दोन फोटो. काम सुरू करण्याआधीचा तो ‘बिफोर’, संपल्यावरचा तो ‘आफ्टर’. दोन्ही एकाच जागी उभं राहून काढायचे, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. अकरा वर्षं मी हेच करत आले होते. माझं एक ठरलेलं वाक्य पोरांना पाठ झालं होतं: आफ्टरमध्ये एकही वीट दिसता कामा नये.

त्या दिवशीचं पहिलं घर सेल्वी नावाच्या बाईचं होतं. छप्पर उडालेलं, एक भिंत आत कोसळलेली. वादळाच्या रात्री तिचा नवरा त्याच भिंतीखाली गेला. ती गावच्या शाळेत इतरांबरोबर राहत होती. घर साफ करायची परवानगी आम्ही पंचायतीच्या प्रेसिडेंटकडून घेतली होती. फॉर्मवर तेवढीच रेघ असते. घरात राहणाऱ्या माणसाला विचारलं का, अशी रेघ नसते.

आठ वाजता मी बिफोर काढला. चाळीस पोरांनी रांग लावली आणि विटा हातोहात बाहेर काढल्या. त्या कालव्याजवळ खचलेल्या रस्त्यात भरायच्या होत्या. साडेनऊला घर आरशासारखं झालं. मी आफ्टर काढला, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही पुढच्या घराकडे वळलो.

साडेदहाला सेल्वी आली. हातात तिळाच्या तेलाची लहान बाटली. साधारण माझ्या थोरल्या मुलीच्या वयाची. ती रिकाम्या घरात गेली, एका कोपऱ्यासमोर उभी राहिली आणि मग बाहेर येऊन तिने शांतपणे विचारलं, “इथली वीट कुठे आहे?”

मी म्हटलं, “कुठली वीट, अम्मा?”

तिने सांगितलं. नवऱ्याला भिंतीखालून काढून ज्या जागी निजवलं होतं, तिथे त्याच भिंतीची एक वीट तिने उभी केली होती. वर पणती, शेजारी पाण्याचा ग्लास. त्या भागात सोळा दिवस असं ठेवतात. गेलेला माणूस तोवर घराभोवतीच असतो आणि तहानलेला असतो, असं मानतात. सोळाव्या दिवशी करुमादी, म्हणजे आपल्या तेराव्यासारखा विधी. त्या दिवशी वीट पाण्यात सोडायची आणि माणसाला निरोप द्यायचा. ती सकाळ-संध्याकाळ शाळेतून येऊन तेल-पाणी घालून जायची. आज शाळेत धान्य वाटत होते, म्हणून तिला उशीर झाला.

मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात माणूस गेला की जीवखडा दहा दिवस जिवापाड जपतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी तो खडा हरवू नये म्हणून दोन म्हाताऱ्या आळीपाळीने राखण करत होत्या. आणि मी त्या कोपऱ्यासमोर पाच मिनिटं उभी राहून पोरांना कामं वाटून दिली होती.

आधी मी पोरांवरच डाफरले. कोणी उचलली? चाळीसही माना खाली. मग मला फोनमधला फोटो आठवला. बिफोर उघडला, बोटांनी मोठा केला. डाव्या कोपऱ्यात उभी वीट, वर पणती, पणतीत ज्योत, बाजूला चहाच्या टपरीवरचा असतो तसा काचेचा ग्लास. सगळं स्वच्छ दिसत होतं. फोटो मीच काढला होता, आणि मला त्यात फक्त कचरा दिसला होता. माझी मलाच शिसारी आली.

त्या कोपऱ्यात कोण होतं हे विचारल्यावर नंदिनी पुढे आली. नंदिनी तिसऱ्या वर्षाची, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या जुन्या तंजावरी मराठी घरातली. घरचं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर तमिळमध्येच देते. माझी सगळ्यांत चांगली स्वयंसेवक. दुसऱ्यांचं बोलणं संपायच्या आत हिचा हात कामाला लागलेला असायचा आणि मी चारचौघांत तिचं कौतुक करायची. त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलली.

“अस्कं मीच केलं, बाई. दिवा फुंकला. पाणी बाहेर ओतलं. वीट रांगेत दिली.”

अस्कं म्हणजे सगळं. ते खरंच सगळं होतं.

आम्ही रस्त्याकडे धावलो. खचलेल्या जागेत विटा भरून झाल्या होत्या, वरून ट्रॅक्टरने मुरूम ओतला होता आणि दाबायला दोनदा चाकं फिरवली होती. पोरांनी फावडी घेतली. वर तेलाचा डाग असलेली वीट शोधायची होती. पण सगळ्या विटा चिखलाने काळ्या झालेल्या, अर्ध्याअधिक फुटलेल्या. चार वाजेपर्यंत खणलं. पोरांच्या हातांना फोड आले. वीट मिळाली नाही.

तेवढ्यात प्रिन्सिपॉलांचा फोन. संध्याकाळी ट्रस्टींची मीटिंग होती.

“मॅडम, पहिल्या घराचा आफ्टर अजून आला नाही.”

मी झालं ते सांगितलं.

“मग दुसरी वीट ठेवा ना. त्याच भिंतीची आहे. तिला काय कळणार?”

ते वाईट गृहस्थ नाहीत. आणि मला रागवायचा अधिकारही नव्हता, कारण तोच विचार दहा मिनिटांपूर्वी माझ्या मनात येऊन गेला होता. एका मुलाने तर एक अखंड वीट धुऊन, तिला स्वयंपाकाच्या डब्यातलं तिळाचं तेल चोळून आणली होती. हुबेहूब. मी ती हातात घेतली. खरं सांगते, घेऊन सेल्वीच्या घराकडे चार पावलं चालले.

नंदिनीने माझा हात धरला. “नको, बाई,” म्हणाली. आणि माझ्या पुढे निघून गेली.

सेल्वी दारात बसली होती. नंदिनी तिच्यासमोर उभी राहिली आणि तिने एकही गोष्ट गाळली नाही. फुंकून विझवलेला दिवासुद्धा सांगितला. वीट सापडणार नाही हेही सांगितलं. मी मागे उभी होते, ती तेल लावलेली वीट पाठीमागे लपवून. या वयात असं उभं राहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

सेल्वी ओरडली नाही, रडली नाही. ती म्हणाली, “पाणी किती होतं?”

नंदिनीला कळलं नाही.

“ग्लासात. तू ओतलंस तेव्हा. काल संध्याकाळी मी काठोकाठ भरला होता. रोज सकाळी मी आधी तेच बघते. थोडं कमी झालेलं असलं की समजायचं, येऊन पिऊन गेला. आज तू बघितलंस. किती होतं?”

“बघितलं नाही,” नंदिनी म्हणाली. “न बघता ओतलं.”

मी वीट खाली ठेवली, फोन काढला, बिफोर उघडून ग्लास मोठा केला आणि सेल्वीच्या हातात दिला. तिने स्क्रीनला बोट लावलं तसं चित्र सरकून गेलं. नंदिनीने गुडघ्यांवर बसून ते पुन्हा जागेवर आणलं.

काचेतून पाण्याची रेघ दिसत होती. काठापासून चांगली बोटभर खाली.

सेल्वी किती तरी वेळ बघत राहिली. “प्याला,” ती म्हणाली. “आज प्याला.”

छप्पर नसलेलं घर, उघड्यावरचा ग्लास, भोवती कावळे आणि खारी. मी वनस्पतीशास्त्र शिकवते. पाणी आपसूक कुठे जातं हे मला दुसऱ्या कोणी शिकवायला नको. मी तोंड उघडलं नाही. तिने फोन परत दिला आणि आम्हाला जायला सांगितलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि आम्हीही मागायला धजलो नाही.

सोळाव्या दिवशी नंदिनी एकटीच बसने त्या गावी गेली. हे मला तिच्या आईकडून नंतर कळलं. ती घरासमोर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सेल्वीचा दीर रस्त्यातून उकरलेली कुठली तरी वीट कापडात घेऊन कालव्याकडे गेला, मागून सेल्वी गेली. नंदिनीला कोणी आत बोलावलं नाही. संध्याकाळच्या बसने ती परतली आणि आठवडाभर कॉलेजात आली नाही.

शिबिरानंतर पोरांकडून एक फॉर्म भरून घ्यावा लागतो. त्यात ‘सेवेमुळे तुमच्यात झालेला बदल’ असा रकाना असतो. एकोणचाळीस जणांनी करुणा, जबाबदारी, टीमवर्क वगैरे लिहिलं. नंदिनीने रकाना कोरा ठेवला. मी तो तसाच वर पाठवला. पहिल्या घराचा आफ्टर पाठवला नाही. तो माझ्या फोनमध्येही आता नाही.

नंदिनी आज शाळेत शिकवते आणि वर्षातून एकदा रजा काढून माझ्या शिबिराला येते. पूर्वी सगळ्यांआधी हात घालणारी ही मुलगी आता हात पाठीमागे बांधून दारात उभी राहते. घरच्या माणसाला बोलावून आणते आणि एकेक वस्तू दाखवून विचारते, हे हलवू का? नव्या पोरांना कंटाळा येतो. दहा घरांच्या जागी चारच होतात. प्रिन्सिपॉल कुरकुरतात, आणि त्यांचं गणित बरोबरच आहे.

बिफोर मी अजूनही काढते. फक्त काढल्यावर फोन खिशात टाकत नाही. आधी तो फोटो मोठा करून कोपऱ्यान्‌कोपरा बघते, आणि मगच पोरांना आत सोडते.