गांडुळांच्या पेटीला वास येत नाही

आता कसं सांगू तुम्हाला, लालबागच्या आमच्या चाळीत पोलीस एकदाच आले आणि ते मी बोलावले होते. चहा आधी संपवून घ्या. गोष्टीत गांडुळं आहेत, मग जाणार नाही.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कुकरची शिट्टी झाली की मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो. अशा मुलीने गांडुळं पाळावीत का? पण संप होऊन दहा-बारा वर्षं झालेली, चाळीतले निम्मे पुरुष अजून "गिरणी सुरू झाली की बघू" म्हणत बसलेले, आणि मी चाळीतली पहिली बी.एस्सी., तीही घरीच बसलेली. काहीतरी करून दाखवायचं होतं. माटुंग्याला गांडूळखताचं दोन दिवसांचं शिबिर निघालं, मी गेले. येताना मडक्यात मूठभर गांडुळं घेऊन, वर ओलं फडकं बांधून, मडकं मांडीवर धरून बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "दही का?" मी "हो" म्हटलं आणि परळ येईपर्यंत त्या काय विरजण लावता हे विचारत राहिल्या.

पेटी बांधली दत्ताकाकांनी. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत ते एकटे राहायचे. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. एके काळी त्या खोलीत पाळ्या लावून झोपणारे बारा गाववाले होते. संपानंतर एकेक करून सगळे गावी गेले, काका तेवढे उरले. मला अक्षर लावायला त्यांनीच शिकवलं होतं, दुकानांच्या पाट्या वाचून. त्यांनी कुठूनसं फळ्यांचं खोकं आणलं, सळई तापवून तळाला भोकं पाडली. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंड्या, त्यावर भिजवलेले पेपर. झाकणाला बिजागऱ्या म्हणून साच्याच्या जुन्या चामडी पट्ट्याचे दोन तुकडे ठोकले.

"आयुष्यभर साचो चालवलंय," काका म्हणाले, "ह्या किड्यांका घर बांधूक काय वेळ लागता?"

पेटी ठेवायची कुठे यावर चाळीची सभा भरली. आमच्या शेजारच्या मालूताई म्हणाल्या, "घाण मारणार ती. आणि रात्री किडे आमच्या पिठाच्या डब्यात."

मी उभी राहिले. शिबिरात शिकवलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं, "गांडुळांच्या पेटीला वास येत नाही. आला तर मी स्वतः उचलून फेकीन."

शिकलेली मुलगी सांगतेय म्हटल्यावर मालूताई बसल्या. काका म्हणाले, "माझ्या दाराशी ठेवा. पण नंदा, रोज उघडून बघशील मा?"

"दोनदा बघेन, काका."

आता ही कबुली फक्त तुमच्याजवळ. पहिल्याच दिवशी मी झाकण उचललं तर एक गांडूळ कडेवर अर्धं उभं राहून माझ्याकडे बघत होतं. गांडुळाला डोळे नसतात, हे मी परीक्षेत लिहिलंय. तरी ते बघत होतं. त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली. श्वास रोखायचा, डोळे मिटायचे, झाकण दोन बोटं उचलायचं, भाजीची सालं आत लोटायची आणि पळायचं. लांबून बघणाऱ्यांना वाटायचं, मुलगी काय मन लावून करते.

मग गटारी आली. श्रावणाआधीचं शेवटचं खाणं. आमची चाळ कोकणातली. त्या दिवशी प्रत्येक घरात कोलंबी नाहीतर सुरमई. दुसऱ्या दिवसापासून महिनाभर वरणभात. श्रावणात मासळीचं नुसतं नाव काढलं तरी आमची आई चूळ भरायला लावते.

आणि श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी गॅलरीत वास सुटला. कुजका, गोडसर, घशात जाऊन बसणारा.

"नंदा," मालूताई नाकाला पदर लावून आल्या, "तुझी ती पेटी..."

"मालूताई, गांडुळांच्या पेटीला वास येत नाही."

"मग कुणी मासळी केली की काय?"

"श्रावणात?" आईने गालावर चापट्या मारून घेतल्या. "असा बोलू तरी नको."

पेटी नाही. मासळी नाही. मग राहिलं काय? आम्ही तिघी गॅलरीतून वासामागे चालत गेलो आणि दत्ताकाकांच्या दाराशी थांबलो.

"ह्यांना कधी पाहिलंत शेवटचं?" मालूताईंनी विचारलं.

गटारीला ते आमच्याकडे जेवले होते. त्यानंतर कुणीच पाहिलं नव्हतं. गावी गेले म्हणावं तर ते जायचे गणपतीला आणि शिमग्याला, मधे कधी नाही. दाराला कुलूप नव्हतं, पण त्यावरून काही ठरत नव्हतं. बारा माणसांच्या बारा वेळा, म्हणून त्या दाराला पूर्वीच लॅच बसवलेलं. ओढलं की बंद. आत माणूस आहे की नाही, बाहेरून कळायचं नाही. आणि उंबऱ्याशी त्यांच्या चपला होत्या. नीट, जोडीने.

मी दार वाजवलं. "काका?" परत वाजवलं. आवाज नाही.

बारा माणसांच्या खोलीत माणूस एकटा जातो आणि चाळीला ते वासावरून कळतं? आणि मी? मी रोज दोनदा या दाराशी येत होते. श्वास रोखून येत होते, पळून जात होते. एकदा थांबून हाक मारली असती तर?

मालूताई म्हणत होत्या, "यजमानांना येऊ देत, मग बघू." पण मी थांबतेय कुठली. चौकीत गेले, रडत सांगितलं. हवालदार निघायला वेळ लावत होते, तेवढ्यात पलीकडच्या पोस्टात शिरले. काकांच्या गावचा पत्ता मला तोंडपाठ, त्यांची पत्रं मीच टाकायची. तारेत 'वारले' असं कुणी लिहीत नाही, घरच्यांना धक्का बसतो. मी रीतीप्रमाणे लिहिलं: 'दत्ताराम गंभीर. ताबडतोब निघा.'

परत आले तर अख्खी चाळ गॅलरीत. खालच्या मजल्यावरच्या दोघी आधीच रडत होत्या. बाप्यांनी पहार आणली. हवालदारांनी तोंडाला रुमाल बांधला आणि लॅच तुटलं.

मी डोळे मिटून घेतले. अर्थात.

"कोण नाय इथं," आतून हवालदारांचा आवाज आला.

गादी गुंडाळलेली. भांडी घासून पालथी. खुंटीवरची पिशवी नाही, पावसाळी बूट नाहीत. आणि खोलीत वास? बाहेरच्याच्या निम्माही नाही.

हवालदार बाहेर आले. त्यांनी रुमाल काढला, नाक वर केलं, मग खाली केलं. "ह्या पेटीत काय?"

"गांडुळं," मी म्हटलं. आणि माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पण गांडुळांच्या पेटीला..."

"उघड."

"मी?"

"पेटी कुणाची?"

सगळी चाळ बघत होती. मी दोन्ही हातांनी झाकण पूर्ण वर केलं. भपकारा असा आला की हवालदार दोन पावलं मागे सरकले. मूठ-दोन मूठ नाही, टोपलीभर कोलंबीची सालं होती, काळी पडून बुजबुजलेली. गांडुळं बिचारी जीव मुठीत धरून फळ्यांवर चढली होती. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, उघडल्या उघडल्या डोळ्यांसमोर येईल अशी, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली चिठ्ठी खिळ्याने ठोकलेली होती.

हवालदारांनी ती मोठ्याने वाचली.

"चि. नंदा हिस आशीर्वाद. रात्री गावाहून निरोप आला, पावसात घराची भिंत पडली. पहाटेच्या एस.टी.ने जात आहे. तुम्ही सर्व झोपलेले, उठवले नाही. तू पेटी रोज दोनदा उघडतेस म्हणून चिठ्ठी इथे लावली. तुझ्या आईने काल हिच्यात कोलंबीची सालं घातली आहेत. मला वेळ नाही. ती आजच काढ, नाहीतर वास मारेल."

मी आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतंस?" आई म्हणाली. "मी तुका इचारलंय, सालां घालू काय पेटीत. तू पुस्तकातसून डोकां वर न काढता हो म्हटलंस. म्हणान चार घरांची आणून घातलंय. म्हटलां, किड्यांचापण उद्यापासून श्रावण."

हवालदारांनी चिठ्ठीची घडी घालून माझ्या हातात दिली. "रोज दोनदा, काय?" एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.

सालं मी उपसली. हाताने, मालूताईंच्या देखरेखीखाली. ते संपत आलं तेव्हा मला तार आठवली आणि मी तिथेच बसकण मारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पावसाळी बूट वाजले. दत्ताकाका आले. आधी त्यांनी तुटलेलं दार बघितलं, मग मला. खिशातून घडी केलेली तार काढली.

"भिंतीचो चिखल तुडवत होतंय," ते म्हणाले. "पोस्टमन इलो. घरात दुसरा कोण नाय, म्हणान सही करून मीच घेतलंय. दत्ताराम गंभीर, ताबडतोब निघा. म्हणान निघालंय. आता सांग, कसो आसा मी?"

मी नुसती रडत होते. काका शेजारी बसले, म्हणाले, "जिवंत आसंय गो. रडतंस कित्याक?" मग उठून पेटीचं झाकण उघडलं आणि माझा हात धरून आत बघायला लावलं.

पेटी टिकली. खतही झालं. काकांच्या दाराला नवीन लॅच बसलं आणि त्याची एक किल्ली आमच्याकडे असते. मी झाकण आता डोळे उघडे ठेवून उचलते, तरी काका पुन्हा कधी पेटीवर विसंबले नाहीत. गावी पोचले की माझ्या नावाने पोस्टकार्ड टाकतात. दर वेळी मजकूर तोच:

"सुखरूप पोचलो. मेल्यास मी स्वतः कळवीन. तू तार करू नये."