पाळणा आत, व्याही बाहेर

माझ्या नातवाचं बारसं कटर मशीनच्या पलीकडं झालं आणि त्याला एकटा मी जबाबदार आहे. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायचं, असं बायकोनं बजावलं होतं, म्हणून उरकून घेतलं.

मी नांदेडच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला लागतात, मी घराला लागून असलेल्या स्कूटरच्या खोलीत सुतारकामाला लागलो. तिथं माझं एक लहानसं कटर मशीन होतं. (टेबलाच्या मधोमध दातेरी चकती फिरते, तिच्यावर लाकूड सरकवायचं आणि काम झालं की आधी स्वतःची बोटं मोजायची.) त्यावर मी तीन पाट, एक देव्हारा आणि एक लंगडं स्टूल केलं होतं.

मुलगी मीनल पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. मुरुडचे व्याही फोनवर म्हणाले, "सर, आमच्या घरी जुना शिसवी पाळणा हाय. बारशाला घिऊन येतो."

"अजिबात नको," माझ्या तोंडून निघून गेलं. "नातवंडाचा पाळणा मी स्वतःच्या हातानं करणार."

फोन ठेवला तेव्हा बायको माझ्याकडंच बघत होती. ती एवढंच म्हणाली, "स्टूल अजून हलतंय."

मला राग आला. पण राग बायकोवर काढायची आमच्या घरात पद्धत नाही, म्हणून तो मशीनवर काढला. स्टूल लंगडं झालं ते मशीनमुळंच, तेव्हा आता मोठं मशीन घ्यायचं, असं मी जाहीर केलं.

सल्ल्याला रफिक मिस्त्रीला बोलावलं. तो माझा जुना विद्यार्थी. गणितात मी त्याला पस्तीस मार्क दिले होते, त्यातले चार दयेचे. आज आमच्या गल्लीतली निम्मी दारं-खिडक्या त्याच्या हातच्या आहेत. त्यानं जुन्या मशीनच्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सर, मशीनला काई झालं न्हाई. पातं बोथट हाय. धार लावून देतो, बस."

"नाही रफिक, मोठं मशीन हवं."

"पाळणा करायलात का बैलगाडी?"

तरी तो माझ्याबरोबर दुकानात आला. दुकानदारानं तीन मशीनं दाखवली. पहिलं घडी घालून ठेवता येणारं, दुसरं मध्यम आणि तिसरं अख्खं बिडाचं. रफिकनं मधल्यावर हात ठेवला. "हे घ्या सर. तुमच्या कामाला पुरून उरतंय."

मी तिसऱ्यापुढून हललो नाही. चकती किती तिरकी होते, लाकूड सरळ धरणारी पट्टी किती घट्ट बसते, भुसा कुठून बाहेर पडतो, सगळं विचारलं. दुकानदार म्हणाला, "सर, नातवाच्या लग्नाचं फर्निचर बी याच्यावरच होईल बघा." नातू अजून जन्मला नव्हता, पण मी पाघळलो. खरं कारण मात्र वेगळंच होतं. एवढं मोठं मशीन रफिककडंसुद्धा नव्हतं.

"सर, खोलीचं माप घेतलं का?" रफिकनं हळूच विचारलं.

"रफिक, महत्त्वमापन तुला कोणी शिकवलं?"

मी दार मोजलं होतं, तीस इंच. मशीन एकोणतीस. एक इंच शिल्लक, म्हणजे पैकीच्या पैकी. त्या आनंदात जुनं मशीन मी रफिकला भेट देऊन टाकलं. "ठेव तुला, माझी आठवण," असंही म्हणालो.

मशीन सहा हमालांनी आणलं. एक इंच शिल्लक ठेवून ते दारातून बरोब्बर आत गेलं आणि दोन फुटांवर थांबलं. पुढं मी भिंतीत पक्कं बसवलेलं कामाचं टेबल होतं. ते मोजलं नव्हतं. वळवायला जागा नाही, सरकवायला जागा नाही. हमाल गेले. माणूस अंग चोरून आडवा झाला तर कडेनं जात होता. "चालतंय," मी म्हणालो.

मग वायरमन आला. त्यानं मोटारीवरची पट्टी वाचली. "सर, हे थ्री फेजवर चालतंय. तुमच्या घरी सिंगल हाय."

"मग?"

"मग काई न्हाई. अर्ज करा."

अर्ज केला. अर्ज गेला तिकडचाच झाला आणि इकडं मीनलला मुलगा झाला. बारशाला बारा दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी सागाच्या फळ्या घेऊन रफिकच्या दारात उभा राहिलो. त्यानं माझ्याच जुन्या मशीनवर सगळे तुकडे कापून दिले. पात्याला धार लावलेली होती. लोण्यासारखं चालत होतं. मला बघवेना.

जोडणी मात्र मी माझ्याच खोलीत केली. आडवा होऊन एकेक तुकडा आत नेला. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही, सगळे सांधे खाचेचे आणि वर गोंद. कमान केली, कमानीवर दोन राघू बसवले. पाळणा झुलत होता, पण एकही सांधा तसूभर हलत नव्हता. अकराव्या दिवशी पॉलिश वाळलं आणि मी बायकोला दाखवायला नेलं. तिनं राघूंवरून हात फिरवला, डोळ्यांना पदर लावला आणि विचारलं, "अहो, हा बाहेर कसा काढायचा?"

मी मशीनकडं बघितलं. ते हलवायला सहा हमाल लागणार आणि बारसं उद्यावर. वरून काढावा तर वर माळा, फळ्या ठेवायला मीच केलेला. खिडकीला गज. मी खाली बसलो.

बारशाच्या सकाळी रफिक आला, सगळं बघून म्हणाला, "सर, मधून कापतो, भाइर नेऊन जोडतो. कळणार बी न्हाई."

"बारशाच्या दिवशी पाळणा कापायचा?" बायको कडाडली. "करवत हातात घेऊ नकोस, रफिक." रफिकनं करवत पाठीमागं लपवली.

एवढ्यात मुरुडची जीप दारात उभी राहिली. टपावर शिसवी पाळणा बांधलेला. "असू द्या म्हणलं, आणला," व्याही म्हणाले. जीपमधून विहीणबाई उतरल्या, जावयाची बहीण उतरली. मी हात जोडले आणि तसाच उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रडू येत होतं. बायको शिसवी पाळण्याच्या दोऱ्या सोडायला निघालीसुद्धा.

मीनल बाळाला घेऊन अंगणात आली. तिनं एकदा जीपकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग बाळाला छातीशी धरलं, आडवी झाली आणि मशीनच्या कडेनं आत गेली. आतून आवाज आला, "बाबांच्या पाळण्यातच ठेवणार. या सगळ्या."

मग काय, पैठण्या सावरत एकेक बाई आडवी होऊन आत शिरली. मशीनवर चादर टाकली, तिच्यावर घुगऱ्यांचं पातेलं आणि हळदी-कुंकवाचं ताट ठेवलं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपके घातले, तसा माळ्यावरचा भुसा सगळ्यांच्या अंबाड्यांवर पडला. व्याही पोटामुळं आत येऊ शकले नाहीत. ते खिडकीच्या गजांतून घुगऱ्या खात म्हणाले, "सर, पाळणा एक नंबर. आन् मशीन बी लई कामाचं हाय, पातेलं ठिवायला."

परवा थ्री फेज आलं. पण पाळणा तिथंच आहे, दुपारी नातू त्यातच झोपतो आणि बायको मला बटणाला हात लावू देत नाही. काल रफिक आला, मशीनवरची चादर उचलून बघितली आणि म्हणाला, "सर, आता पुढं काय बनवायलात?"

"दार. पलीकडच्या भिंतीत," मी म्हणालो.

"माप?"

"तू घे."