शेंगाबाईंचा सोमवार

शेंगाबाई फोनवर फारशा बोलायच्याच नाहीत. संकटातल्या माणसांनी मन मोकळं करावं म्हणून जो फोन ठेवला होता, त्याच्यापाशी बसून ही बाई गप्प राहायची. आणि तरी लोक तिच्याच पाळीला फोन करायचे. हे कसं काय, ते मला तेव्हाही उमगलं नाही आणि आजही उमगलेलं नाही.

वर्ध्यात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमची हेल्पलाइन चालायची. फोन, खोलीभाडं, प्रशिक्षण सगळं सरकारी निधीतून. माणसं मात्र बिनपगारी. त्यांच्या पाळ्या लावायचं काम माझ्याकडे. बाई शेजारच्या सिंदी मेघे गावच्या. घरची भाजीची वाडी, सकाळी बाजारात दुकान, आणि दुपारी पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन आमच्याकडे हजर. रिसीव्हर मानेशी दाबायचा, मांडीवर सूप घ्यायचं आणि शेंगा सोलायच्या. शेंगांचा हंगाम नसला की लसूण. कोणी कोणाला नाव सांगायचं नाही असा आमचा नियम. त्यामुळे फोन करणारे विचारायचे, "शेंगावाल्या बाई हायेत का?"

एकदा मी वैतागून म्हणालो, "बाई, पलीकडे माणूस जिवाला कंटाळलेला असतो आणि तुम्ही शेंगा काय सोलता?"

"हात रिकामे राह्यले का माह्यं तोंड चालते भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग मी त्याले शिकवाले लागन. घरचे शिकवूनच तं राह्यले त्याले."

मी चहा सांगितला.

दर सोमवारी दुपारी एक फोन यायचा. त्यावर कोणी बोलतच नसे, नुसता श्वास. दुसऱ्या कोणी 'हॅलो, हॅलो' करून ठेवून दिला असता. बाई म्हणायच्या, "हाओ, हाय मी," आणि शेंगा फोडत राहायच्या. बऱ्याच वेळाने तिकडून फोन ठेवला जाई.

"कोणी तरी चेष्टा करतंय," मी म्हणालो.

"चेष्टा करनारा हासते भाऊ. याले पयले धाप लागून राह्यते, मंग हळूहळू श्वास बसते. त्याचा सोमवार निंघाला पाह्यजे, बस."

मला काही ते पटलं नाही. पण त्या सोमवारी पाळी बदलून मागायच्या नाहीत, अंगात ताप असला तरी यायच्या, एवढं खरं.

निधी पुढे द्यायचा की नाही हे ठरवायला एक साहेब आले, तेही नेमके सोमवारी. मी बाईंच्या हातापाया पडून सांगितलं होतं की आज तेवढ्या शेंगा नकोत. त्या नेहमीपेक्षा मोठी पिशवी घेऊन आल्या. फोन वाजला. "हाओ, हाय मी." मग सोलणं सुरू. साहेब एकदा बाईंकडे बघत, एकदा माझ्याकडे. मी छताकडे बघत होतो.

फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय सल्ला दिलात?"

"काई नाई."

"मग केलंत काय?"

"शेंगा सोलल्या."

"बाई, हा जनतेचा पैसा आहे."

"म्हनूनच तं सायब. थो बी जनतेतलाच हाय. त्याले पुरू द्या नं."

साहेब भला माणूस होता. तोही माझ्यासारखाच गोंधळून परत गेला. पुढे निधी आला नाही. बाईंमुळे आला नाही की येणारच नव्हता, ते कोणी धड सांगितलं नाही. मला भयंकर राग आला होता, पण तो काढावा कोणावर हेच कळेना.

शेवटच्या सोमवारी तो फोन आला तेव्हा बाई पहिल्यांदाच त्याच्याशी सलग बोलल्या. "हा फोन आता बंद होऊन राह्यला. तू सिंदी मेघेच्या बाजारात येजो. शेंगा सोलनारी बाई इचारजो. नाई बोलावं वाटलं तं नको बोलू."

"अहो, फोन करणाऱ्याला भेटायचं नाही, हा आपला पहिला नियम आहे," मी म्हणालो.

"फोनचा नियम फोनसंगं गेला भाऊ."

तिकडून लाइन तुटली. बाईंचे हात सुपावर तसेच थांबले. "आयकलं असन नं थ्यानं?" त्यांनी मला विचारलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता बाईंचे गुडघे गेलेत. त्या हिंगणघाटला लेकीकडे असतात. दुकान सून सांभाळते. परवा सोमवारी भाजी घ्यायला गेलो, तर दुकानामागे पोत्यावर एक पन्नाशीचा माणूस खाली मान घालून शेंगा सोलत होता. "गडी ठेवला का?" मी सुनेला विचारलं.

"नाई काका. सासूबाई इथं होत्या तवापासून येते. दर सोमवारी. पैसे घेत नाई, भाजी नेत नाई, बोलत बी नाई. सासूबाई सांगून गेल्या, काई इचारू नको, सूप देजो. कोन हाय, तुमाले मालूम हाय का?"

त्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. हो म्हणता येईना, नाही म्हणता येईना. त्या माणसाने वर बघितलं आणि जरासं सरकून पोत्यावर जागा केली. मी बसलो. सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागलो. त्याला विचारावं असं फार वाटत होतं. हात रिकामे असते तर विचारलंच असतं.