ढोल कोणी वाजवला

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीलाही नाही — तिच्या अखेरच्या आजारात तासन्‌तास उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझे कोणी नाही. आणि जे माझे आहेत त्यांनी या गोष्टीचा जो विचका चालवला आहे, तो आता मला सोसवत नाही.

आमच्या हायस्कुलाची स्मरणिका निघते आहे. एकाहत्तरच्या युद्धात आम्ही विद्यार्थ्यांनी केलेल्या कामाविषयी तिच्यात माझ्या तीन वर्गमित्रांनी लिहिले आहे. एक म्हणतो, आम्ही किनाऱ्यावर पेटी वाजवत होतो. पेटी! डिसेंबरच्या त्या वाऱ्यात पेटी कोणाच्या कानी पडणार? दुसऱ्याला भोंगा आठवतो. गावात भोंगा नव्हताच. तिसरा लिहितो की सारी कल्पना मुख्याध्यापकांची. हेही खोटे — ती कोळणींची होती.

आमच्या बंदराच्या तोंडाशी खडक आहेत. तिन्हीसांजेला परतणाऱ्या होड्यांना वाट दिसावी म्हणून किनाऱ्यावर उंच बांबूला कंदील टांगत. ब्लॅकआउट आला आणि कंदील उतरला. तेव्हा कोळीवाड्यातल्या बायका थेट शाळेत आल्या. म्हणाल्या, दिवा विमानातून दिसतो म्हणता, मग आवाज करा. तो काही वर ऐकू जात नाही. शाळेत स्फूर्तिगीते गाणारे आमचे पथक होते. खिडक्यांना काळे कागद चिकटवणारे, मोटारींचे दिवे अर्धे रंगवणारे स्वयंसेवकही आम्हीच. शाळेच्या बँडचा मोठा ढोल माझ्याकडे होता. दिवस मावळला की मी तो खडकांमधल्या वाटेच्या समोर उभा राहून बडवीत असे, आणि होड्या आवाजाच्या रोखाने आत येत. इथवरचे सारे खरे.

त्या तिघांत वाद नाही तो एकाच गोष्टीबद्दल. तिघेही लिहितात की विमान आले त्या संध्याकाळी सगळे पळाले, मी एकटा हललो नाही. एवढ्या एका वाक्यावर त्या तिघांचे एकमत व्हावे — आणि नेमके तेही खोटे असावे?

मी पळालो.

घरघर ऐकली आणि पाय आपोआप वळले, असे लिहिणार होतो. आपोआप काय? पाय माझेच होते. आमची सुपारीची वाडी किनाऱ्याला लागूनच. तिथल्या कोरड्या पाटात मी पालथा पडलो. विमान आपलेच होते, हे मागाहून कळले. मी पडलो होतो तेव्हा किनाऱ्यावर ढोल पुन्हा सुरू झाला. आधी अडखळत, मग ठाम. मला काय वाटले असेल? सुटकेचा आनंद? छे. माझ्या ढोलाला कोणी हात लावला, याचा संताप आला. आणि तरीही उठलो नाही.

वाजवणारी यमुना होती. दहावीतली, कोळीवाड्यातली, गीतपथकात पहिल्या ओळीत उभी राहणारी. तिचे वडील आणि भाऊ त्या वेळी पाण्यात होते. टिपऱ्या मी हातात घट्ट धरूनच पळालो होतो, म्हणून तिने चुलीसाठी आणलेले लाकूड उचलले. सगळ्या होड्या सुखरूप आत आल्या. ढोलाचे कातडे मात्र फाटले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावले. ती म्हणाली, ढोल मी वाजवला. मी फक्त टिपऱ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. टिपऱ्या ज्याच्या हातात, वाजवणारा तोच — यापरता पुरावा कोणता? माझ्या पळण्याचा पुरावा मी माझ्या शौर्याचा म्हणून पुढे केला. मग आवाज फुटला, आणि मी पुढचेही बोललो: होड्या लागल्यावर हिने खेळ म्हणून लाकडाने बडवून कातडे फाडले.

तिचे वडील शाळेत आले. अनवाणी, दाराच्या बाहेरच उभे. मी त्यांना तोंडावर म्हणालो, "तुम्ही पाण्यात होता, तुम्हाला काय दिसलं?"

"दिसला न्हाय, पन आयकला," ते म्हणाले. "शिमग्याला वाजवतं ती. माजे पोरीचा हात मना कलतो, मास्तर."

मुख्याध्यापकांनी विश्वास माझ्यावर ठेवला. वाडीवाल्याचा मुलगा, वर्गात पहिला; त्यांनी दुसरे काय करावे? — नाही, हा त्यांच्यावर ढकलण्याचा प्रकार झाला. खोटे मी बोललो होतो. यमुनेला गीतपथकातून काढले. युद्ध संपल्यावर जवानांच्या सत्काराला पथक अलिबागला गेले, तेव्हा पहिल्या ओळीत तिची जागा दुसऱ्या मुलीने घेतली, आणि सर्वांच्या पुढे, नवे कातडे चढवलेला ढोल घेऊन, मी चाललो. तिने शाळा सोडली. कोळीवाड्याला सारे ठाऊक होते. पण कोळीवाड्याला विचारले कोणी?

पोरवयातली चूक म्हणून तुम्ही हे सोडून द्याल. मीही कितीतरी वर्षे सोडून देत होतो. म्हणून गेल्या हिवाळ्यातलेही सांगतो. मांडव्याच्या जेटीवर मुंबईच्या बोटीची वाट पाहत आम्ही बसलो होतो. सूनबाईने सहज विचारले, "बाबा, ती ढोलाची गोष्ट नक्की काय आहे हो?" मी रंगवून सांगू लागलो — विमान, पळापळ, मी एकटा. शेजारच्या बाकावर सुकटीची पाटी पुढ्यात घेऊन एक म्हातारी बसली होती. अर्ध्यावर आलो तेव्हा मी तिला ओळखले. तिने मला त्याआधीच ओळखले होते. ती माझ्याकडेच पाहत होती.

मी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली.