कागदाला हात लावला न्हाय

काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं, की आबा समोरच्याची हनुवटी दोन बोटांनी जराशी उचलत आणि म्हणत, "आता हलू नका. हललं ते कायमचं हललं." मग मोठा बागायतदार असो की नवी नवरी, गुमान बसून राही. तुमच्याही गावात असा एखादा फोटोवाला असेल, ज्याच्यापुढे भल्याभल्यांची ऐट उतरते.

बारामतीत त्यांचं दुकान माझ्या बिऱ्हाडाच्या खालीच होतं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी नवा वकील. अशिलांपेक्षा माश्या जास्त यायच्या. त्यामुळे दुपारभर मी आबांकडे बसायचो. फोटो जिच्यावरून छापायचा ती काच खिडकीशी तिरकी धरून ते बारीक पेन्सिलीने तिच्यावर ठिपके देत. चामखीळ, देवीचे वण, डोळ्यांखालचं काळं, सगळं जायचं. "देवानं घाईत केलं, ते आपण सावकाशीनं करायचं," असं म्हणून स्वतःच हसायचे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या गालावर देवीचे वण होते. इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा नोकरीला लांब, फोटो पाहून पसंती कळवणार होता. मी आबांना म्हटलं, "वण तेवढे घालवा."

"बापू, लगीन झाल्यावर पोरगी तोंड कुठं लपवंल? सांगून करा."

मी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी माझ्या शब्दाखातर केलं. लग्नानंतर बहिणीच्या सासऱ्यांनी विचारलं, तेव्हा उजेडामुळे तसं आलं असेल, असं मी ठोकून दिलं. आबा तोंडातून ब्र काढणार नाहीत, याची मला खात्री होती.

पुढे इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या एका विधवा बाईंचा खटला उभा राहिला. दिराने त्यांच्या नावाने हक्कसोडीचा खोटा कागद करून जमीन स्वतःच्या नावावर चढवली होती. मजकूर त्याच्या हातचा, खाली बाईंचा म्हणून अंगठा. बाई तर सही करायच्या. त्यांनी तो कागद दिराच्या ट्रंकेतून काढला, एसटीने बारामतीला आणून आबांकडून त्याचा फोटो घेतला आणि परत होता तिथे ठेवला. फिर्याद होताच मूळ कागद नाहीसा झाला. दिराने वकील केला मला.

मूळ कागद सापडत नसेल तर त्याचा फोटो पुराव्यात घेता येतो. पण तो मूळ कागदाचाच आहे, हे कुणीतरी शपथेवर सांगावं लागतं. बाईंशिवाय ते सांगणारे एकटे आबा.

इंदापूरच्या कोर्टात ते इस्त्रीचा कोट घालून आले. पिंजऱ्यात चढताना माझ्याकडे बघून ओळखीचं हसले. मी उलटतपासणी सुरू केली.

"काचेवर पेन्सिलीने काम करता?"

"करतो."

"असलेले वण नाहीसे करता?"

"व्हय. पर माणसाच्या फोटोत. कागदाला हात लावला न्हाय म्या."

"फोटो बघणाऱ्याला ती पेन्सिल कळते?"

"न्हाय कळत," आबा म्हणाले. खोटं त्यांना येतच नव्हतं.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी स्वतः विचारलं, "हे तुम्ही मनाने करता, की कुणी सांगतं म्हणून?"

"सांगत्यात म्हणून."

"कोण सांगतं? एक नाव घ्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या बाकाकडे. बहिणीचे सासरे तिथे बसले होते. कोर्टात येऊन बसायची त्यांना हौसच होती. मी हातातले कागद उगाच चाळू लागलो.

"नाव न्हाय सांगता यायचं, साहेब."

"शपथेवर आहात."

"व्हय. तरी न्हाय."

साक्षीदार माहिती दडवतो, असं साहेबांनी लिहून घेतलं. आबांची साक्ष मानली गेली नाही, फोटो पुराव्यातून गेला, दीर सुटला. बाहेर बाईंनी मला गाठलं. "वकीलसाहेब, मला सही येती वो. मी अंगठा कशाला उठवू? फोटूत दिसतंय की सारं." मी घाईत आहे असं दाखवून एसटी गाठली. त्यांची जमीन कायमची गेली.

कोर्टानेच खोटं ठरवलेला माणूस, असं लोक आबांना म्हणू लागले. गिऱ्हाईक तुटलं. महिन्याभरात त्यांनी दुकान मोडलं. सामान बैलगाडीत चढत होतं, तेव्हा माफी मागायचीच असं ठरवून मी खाली उतरलो.

"या, वकीलसाहेब," ते म्हणाले. खटल्यापर्यंत मी त्यांचा बापू होतो.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच त्यांनी माझ्या हातात दिली. "ताईची हाय. काचेवर पेन्सिल दिसती. आमच्या सामानात नको. उद्या कुणाच्या हाती लागली म्हंजी?"

इथे मी मेल्याहून मेल्यासारखा झालो, असं लिहायला हवं. पण ते खोटं होईल. मला हायसं वाटलं. माफीचा शब्द तोंडातच राहिला आणि गाडी निघून गेली. मी वर आलो, काच फोडली, तुकडे उकिरड्यावर टाकले आणि त्या दिवशी पोटभर जेवलो.