बालूची जागा

"बालूऽऽ, जागा ठेवलीय रे, जागा ठेवलीय."

बाबा ओरडत होता आणि मुरब्याची एसटी हलली होती. वाऱ्यात एका होडीवरून दुसऱ्या होडीला हाका मारून तयार झालेला तो गळा. त्या हाकेने खाडीवरचे बगळे जे उडाले ते तीन दिवस खाली बसले नाहीत, आणि पलीकडे सातपाटीत दोन बालू जेवता जेवता उठून उभे राहिले, असं मागाहून कळलं. गाडीतल्या लोकांना मात्र वाटलं, म्हाताऱ्याने पोरासाठी रुमाल टाकून सीट धरलीय. एक गृहस्थ तर ओशाळून उठलेच. मी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. खिडकीजवळ बसलो, ट्रंक पायाशी घेतली.

बाबा बोलत होता ती जागा होडीतली होती. तो सुकाणूवर आणि त्याच्या उजव्या हाताला मी, असे आम्ही चार मोसम समुद्रात गेलो होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बोईसरला रोज एक नवी चिमणी उभी राहत होती, आणि माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी. "एक वरीस बगून येतो," मी म्हटलं. बाबा जा म्हणाला नाही, नको जाऊ म्हणाला नाही. जागा ठेवतो म्हणाला.

आता मुरबं ते बोईसर अंतर किती, ते तुम्हाला माहीत आहे. एसटीने तासभरही नाही. गावात राहिलेल्यांनो, हसा. पण दुबई-मस्कतला गेलेल्यांनी हसू नये. तुम्हाला निदान तुमच्याच नावाने विमानात बसवलं. मला बोईसरच्या गेटातून आत जाताना नाव बाहेर ठेवावं लागलं.

ती चूक गुरुजींची, आणि त्यांची तरी कशी म्हणू? घरी माझं नाव बाळकृष्ण, म्हणजे बाळू. आपल्या तोंडात ळ टिकत नाही, म्हणून बालू. बाबा मला शाळेत घालायला घेऊन गेला तेव्हा गुरुजी घाटावरून नुकतेच आले होते, आणि आठ दिवसांत त्यांनी एक शोध लावला होता की इथली माणसं बोलताना ह गिळतात. धनूला दनू म्हणतात, भिकूला बिकू. तेव्हा येईल त्या पोराच्या नावात गुरुजी हरवलेला ह परत बसवून द्यायचे. बाबाने सांगितलं, "बालू." गुरुजी गालात हसले. त्यांनी माझ्यात ह घातला, बालूचा भालू केला, भालू म्हणजे भालचंद्रच असणार असं ठरवलं आणि तसं रजिस्टरात लिहिलं. मग मोठ्याने वाचूनही दाखवलं. बाबाच्या कानाला ब आणि भ एकच. तो म्हणाला, "हां. बालूच."

दाखल्यावर भालचंद्र, म्हणून कारखान्यातही भालचंद्र. कारखाना कापड रंगवायचा. निळा रंग चालू असला की आम्ही निळं शिंकायचो. मशीन एवढं लांब, की एका टोकाने श्रावणात घातलेला तागा दुसऱ्या टोकाने दिवाळीला बाहेर यायचा. त्या धडधडाटात अख्खं भालचंद्र कोण म्हणणार? सोबतचे कामगार उत्तरेकडचे. दुसऱ्या चहाला मी भालू झालो. म्हणजे अस्वल.

चिडलो असतो तर चार दिवसांत विसरले असते. पण मला गोष्ट सुचली. मी सांगितलं, आमच्या गावात भरतीबरोबर समुद्रातून अस्वल येतं. तसलं एक मी एकट्याने वल्हं मारून परतवलं, तेव्हापासून गाव मला भालू म्हणतं. शेजारच्या मशीनवरच्या गोरखपूरवाल्याने समुद्र पाहिलेला नव्हता.

"तैरता है?" त्याने विचारलं.

"तैरता है. पीठ पे," मी म्हटलं.

केरळी फोरमन मला बालचंद्रन म्हणायचा. आपल्याकडचा माणूस भेटला या आनंदात तो पहिल्याच दिवशी पाव तास त्याच्या भाषेत बोलला, मी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी माझी महिनाभरासाठी बॉयलरवर बदली झाली होती. बोईसरला लागून सालवडला खोली घेतली, तिथे खालचा गुजराती दुकानदार तेवढा "आवो बालुभाई" म्हणायचा. त्याच्याकडे सगळेच कोणीतरी भाई. पण चुकून का होईना, अख्ख्या बोईसरात माझं नाव त्याच्याच तोंडी बरोबर होतं. ते ऐकायला मी रोज काडेपेटी घ्यायचो. विडी ओढत नव्हतो. खोलीत इतक्या काडेपेट्या झाल्या, की एक ठिणगी पडती तर सालवड नकाशावरून गेलं असतं.

एका वर्षाची तीन झाली. ट्रंक मी रिकामी केली नाही; लागेल तो कपडा काढायचा, धुऊन परत आत. वारा पश्चिमेचा असला की सुक्या बोंबलांचा वास आल्यासारखा वाटायचा आणि मी खोलीत येरझाऱ्या घालायचो. गावी गेलो की दुसऱ्या दिवशी कान कारखान्याच्या भोंग्याकडे लागायचे, नि मी बंदरावर येरझाऱ्या घालायचो. आई म्हणायची, "बस की रे, तुज्या पायानं जमीन झिजल." दर श्रावणात होड्या तयार होताना बाबा विचारायचा, "यंदा?" मी म्हणायचो, "पुढल्याला." आणि विषय निघू नये म्हणून थापा मारायचो. मॅनेजर मला विचारल्याशिवाय रंग कालवत नाही. आमच्या चिमणीच्या धुराने घिवलीत दुपारी कंदील लावतात. बाबा जाळं शिवता शिवता सगळं ऐकायचा आणि शेवटी एवढंच म्हणायचा, "गोष्ट बरी हाय."

चौथ्या वर्षी माझं ठरलं. परत जायचं. फोरमनला सांगून टाकलं, नारळी पौर्णिमेपर्यंत येतो, मग नाही. बाबाला स्वतः जाऊन सांगणार होतो. यंदा विचारायच्या आधीच हो म्हणायचं, असा बेत.

त्याच आठवड्यात कारखान्यात नवी शेड बांधायला काढली आणि रेतीचे ट्रक सुरू झाले. हिंदीत रेतीला बालू म्हणतात. ज्या नावाने मला तिथे चार वर्षांत कोणी हाक मारली नव्हती, ते आता दिवसभर गेटावरून ओरडलं जाऊ लागलं. बालू आया, बालू गया, बालू उधर डालो. पहिल्या दिवशी मी दर वेळी मागे वळलो. तिसऱ्या दिवशी वळणं सोडलं. लोकल माणूस म्हणून ट्रकवाल्यांशी बोलायचं काम माझ्याकडेच होतं: कुठे ओतायची, आणखी हवी की नको.

गुरुवारी दुपारी वॉचमन पंडितजी आमच्या जुन्या शेडच्या दारात आला आणि मशीनच्या वर आवाज काढून म्हणाला, "भालू, एक बुड्ढा आया है. बालू का कुछ बोलता है, जगह माँगता है."

मी ताग्यावरून मानही वर केली नाही. "बोल दो, नहीं चाहिए. बहुत है."

गेटावर काय झालं ते नंतर मी पंडितजीकडून अक्षर अक्षर काढून घेतलं. बाबाने त्याला सांगितलं होतं, "बालूला सांग, जागा पायजे का नको, तेवडं बोल." पंडितजीला बालू कळलं, जागा कळली, पायजे कळलं. म्हातारा रेती घेऊन आलाय आणि ओतायला जागा शोधतोय, असा त्याने हिशेब लावला. गाडी कुठे आहे, त्याने विचारलं. बाबाने एसटी स्टँडकडे हात केला. मग आत येऊन माझं उत्तर घेऊन तो परत गेला. "भालू बोला, नहीं चाहिए."

बाबाच्या कानाचं तुम्हाला सांगितलंच आहे.

"बालू बोल्ला?" बाबाने एकदा विचारून घेतलं.

"हाँ हाँ, भालू ही बोला."

शिफ्ट सुटली तेव्हा पंडितजी काठीच्या टोकाला एक पुडकं लटकवून, नाक दुसरीकडे करून उभा होता. "वो बालूवाला छोड़ गया. बोला, बालू को देना. अब बताओ, बालू को सूखी मछली कौन देता है?"

पुडकं आईच्या जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं होतं. तिची ती दुहेरी गाठ.

मुरब्याला पोहोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. होडी ओढून वर घेतलेली, बाबा तिच्या सावलीत, आणि शेजारी घिवलीचा माझा मेहुणा, गालात सुपारी धरून. नाखव्याने मोसमासाठी दिलेली सुपारी तोंडात गेली की माणूस ठरला. ती परत मागत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगू. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. रेतीला त्यांच्यात बालू म्हणतात, पंडितजीने मला भालू म्हटलं, मला वाटलं ट्रक आलाय, म्हणून मी नको म्हटलं. एक शब्द वाढवला नाही. जन्मात पहिल्यांदा मी एक गोष्ट जशी घडली तशी सांगत होतो. भोवती माणसं जमली. एसटी स्टँडकडे हात केला तिथे पहिले हसले, सुक्या मासळीला सगळं बंदर. मेहुण्याला ठसका लागला, पण सुपारी पडली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. फोरमनने मला ठेवून घेतलं. ट्रंक मी त्या महिन्यात रिकामी केली, कपडे फळीवर लावले. सालवडला घर आहे, दारावर भालचंद्र अशी पाटी आहे, माझी मुलं भालचंद्राची मुलं आहेत. गावी गेलो की बंदरावर जातो. मेहुणा होडीत सरकून जागा करतो, मी बसत नाही, काठावरून येरझाऱ्या घालतो. कोणी मागून बालू म्हटलं की वळतो. बोईसरला एखादा ट्रकवाला म्हणाला तरी हल्ली वळतो. आणि ही हकिगत तुम्हाला लिहून कळवायचं कारण एवढंच की तोंडी सांगितली की लोक अजून हसतात.

त्या संध्याकाळी सगळ्यांचं हसून झाल्यावर मी बाबाकडे पाहिलं. तो हसला नव्हता. जाळ्याची सुई त्याने पुढच्या घरात घातली, धागा ओढला, दाताने तोडला.

"बाबा, खरंच असं झालं," मी म्हटलं. "आईची शपथ."

"गोष्ट बरी हाय," बाबा म्हणाला.