खुरसापुढचा नारळ

तो आडवा पडलेला खुरीस मी विसरलेले नाही. आचरा भागातल्या एका तिठ्यावर, चिऱ्यांच्या चौथऱ्यावर हा क्रूस उभा असे. एका सकाळी पोलीस पाटलांचा फोन आला की खुरीस पाडला आहे. मी पोहोचेपर्यंत तिथे दोन घोळके जमले होते, एकमेकांकडे पाठ करून. मी बंदोबस्त लावला, पंचनामा केला.

दुपारी आमच्या खबऱ्याने एका रिक्षावाल्याचं नाव दिलं. चौथऱ्यासमोर रिक्षा लावण्यावरून त्याचं चर्चच्या मंडळींशी नुकतंच वाजलं होतं. त्याला ठाण्यात आणलं. विटंबनेचं कलम लागलं की माणूस आत जातो आणि गाव दुभंगतं. भांडण त्याने लगेच कबूल केलं. पुढे मात्र एकच धरून बसला.

"मॅडम, भांडलंय मी. पण खुरसाक हात कित्याक लावीन? माझी पोरगी त्याच्याच नवसाची."

मी चर्चच्या मंडळींतल्या प्रमुख बाईंना बोलावून फिर्यादीत त्याचं नाव द्यायला सांगितलं. त्यांनी सरळ नकार दिला. डोळ्यांनी पाहिलं नाही त्याचं नाव घ्यायचं नाही, शेजाऱ्याशी वैर धरायचं नाही, असं त्यांचं चर्चमध्ये ठरलं होतं. घाबरू नका म्हटलं तर बाई हसल्या.

"कोणाक भियाचा, ह्येका? खुरीस काय, सिमेंटान जोडूक येता. ह्येचो संसार मोडलो तर कित्यान जोडूचो?"

आणि रिक्षावाल्यासाठी आणलेला माशाच्या कढीचा डबा त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. यातला फिर्यादी नक्की कोण, असं हवालदाराने मला हळूच विचारलं.

संध्याकाळी मी पुन्हा तिठ्यावर गेले. पडलेल्या खुरसाच्या माथ्याशी नारळ आणि पानसुपारी होती. सकाळी मी ती रोजची समजले होते. पण माथा जमिनीवर आल्यावरच तिथे नारळ ठेवता येतो. द्वेषाने पाडणारा नारळ कशाला ठेवेल? शिवाय नारळ सोललेला, दुकानातला. ज्या वाडीत दारोदारी माड, तिथे नारळ विकत घेणार कोण? हेच कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं. घेतला होता एकाने, भल्या पहाटे. मासळीसाठी बर्फ आणणारा टेम्पोवाला, नांदगावचा.

दुसऱ्या दिवशी तो समोर बसला आणि काही विचारायच्या आधीच रडू लागला. टेम्पो मागे घेताना धक्का लागला होता.

"देवाक सांगलंय, मॅडम. तुमका सांगूक धीर झालो नाय."

रिक्षावाल्याला मी तिथल्या तिथे सोडलं. मंडळींनी टेम्पोवाल्याकडून भरपाई घेतली नाही, नवे चिरे मात्र त्याच्याच टेम्पोतून वाहून घेतले. खुरीस उभा राहिला तेव्हा लदीन, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना झाली. सगळ्या गावाला आमंत्रण होतं, आम्हालाही.

तक्रार न देणारा माणूस दबावाखाली असतो, असं मी नोकरीभर धरून चालले होते. या लोकांवर कसलाही दबाव नव्हता. त्यांना शेजारी हवे होते, एवढंच.

प्रार्थना संपल्यावर बाईंनी रिक्षावाल्याला पुढे ढकललं, "तुझ्या देवळात घालतंस तसा गाऱ्हाणा घाल रे." तो लाजला, मग हात जोडून खणखणीत आवाजात म्हणाला, "बा देवा, ह्या वाडीतली सगळी लेकरां एका जाग्यार सुखान नांदूं देत रे महाराजा."

"व्हय महाराजा," सगळा तिठा एका आवाजात म्हणाला. सगळ्यांत मोठा आवाज फादरांचा होता.